सहा आकडे, जसेच्या तसे

आमच्या ऑफिसात पाच माणसं काम करतात आणि त्यांतल्या कुणालाही "तुमच्या त्या पत्रांचं काय झालं?" एवढं नुसतं विचारलंत, तर तासभर तरी तुमची सुटका नाही. लोकांना वाटतं, डोळ्यांच्या धर्मादाय हॉस्पिटलात किस्से म्हणजे डॉक्टरांचे आणि पेशंटचे असणार. तेही आहेत. पण आमच्याकडे सगळ्यात जास्त साठले ते पिन कोडचे. मुद्दाम कुणी साठवले नाहीत. एक पत्र चुकतं, त्याचा एक किस्सा होतो, तो सांगून होईपर्यंत दुसरं चुकलेलं असतं.

आता या काळात पत्रं कशाला, हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकावा लागतो. उत्तर सोपं आहे. सुरतेत कापडाच्या लूमवर काम करणारा माणूस वर्षातून दोनदा सिम बदलतो आणि तीनदा खोली. आज उधन्याला, उद्या लिंबायतला, परवा पांडेसऱ्याला. गावचा पत्ता मात्र बदलत नाही. तिथं आई असते, भाऊ असतो, नाहीतर निदान शेजारी असतो. पत्र गावी पोचलं की निरोप सुरतेला येतोच.

आणि निरोप पोचायला हवा, कारण आमची बहुतेक पत्रं काचबिंदूच्या पेशंटना जातात. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने कमी होत जाते आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. गेलेली नजर परत येत नाही. म्हणून दर चार महिन्यांनी आम्ही एकेकाला तपासणीला बोलावतो. पत्ते एका एक्सेल शीटमध्ये, पत्राचा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये. दोन्ही जोडायचे की प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पत्र तयार. हे जोडण्याचं काम माझं. ऑफिसात मी गुजराती मंडळींची संध्याबेन आणि खानदेशी मंडळींची संध्याताई.

०

पहिला किस्सा आमच्या मॅनेजरांचा, हर्षदभाईंचा. त्यांना नीटनेटकेपणाची भारी हौस. मी नवीन होते, पहिल्यांदाच पाकिटांवर पत्ते छापणार होते. त्यांनी शीट उघडून पाहिली आणि म्हणाले, "संध्याबेन, आकडे कसे उघडेबोडके दिसतात." आणि एक बटण दाबून त्यांनी सगळ्या पिन कोडना स्वल्पविराम लावून दिले. ३,९५,००४. ४,२५,४०१.

मलाही ते छानच वाटलं. मी पाकिटं छापली, पिशवीत भरली आणि पोस्टात गेले.

काउंटरवरच्या बाईंनी वरचं पाकीट उचललं, चष्मा वर केला आणि मला विचारलं, "बेन, आ पिन छे के गामनी वस्ती?"

पिन आहे की गावाची लोकसंख्या, असं त्या विचारत होत्या. यंत्र हे वाचणार नाही, म्हणाल्या. मी तिथल्याच बाकावर बसले. साडेतीनशेच्या आसपास पाकिटं होती. प्रत्येकावर खाली पेनानं पिन पुन्हा लिहिला. पोस्ट बंद व्हायच्या आधी सगळी पाकिटं काउंटरवर ठेवली आणि हात चोळत हॉस्पिटलात परतले.

हर्षदभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, खूप वाईट वाटून घेतलं, आणि मग म्हणाले, "पण दिसत होतं सुंदर."

०

कतारगामची गोष्ट मात्र माझ्या हातची आहे.

कतारगामात हिऱ्याच्या कारखान्यांत काम करणारे आमचे बरेच पेशंट आहेत. डोळ्यांवरच पोट असलेली माणसं. एका शिबिरातून अडतीस नवीन नावं आली, सगळी कतारगामची, सगळ्यांचा पिन एकच. एकच गोष्ट अडतीस वेळा कोण लिहिणार? मी पहिल्या ओळीत "सुरत-३९५००४" लिहिलं, चौकटीचा कोपरा माउसनं पकडला आणि सरळ खाली ओढला. रकाना भरला. मी खूश.

कॉम्प्युटरला वाटलं, मी मोजते आहे. त्यानं दुसऱ्याला ३९५००५ दिला, तिसऱ्याला ३९५००६. अडतिसावा माणूस कुठल्या कुठे गेला.

महिन्याभरानं पत्रं परत यायला लागली. पण माझ्या लक्षात आलं ते एका पेशंटमुळे. रमणिकभाई म्हणून हिऱ्याला पैलू पाडणारे एक कारागीर होते. ते तपासणीला आले नव्हते. ते आले होते शेजाऱ्याला सोबत म्हणून. मी त्यांना ओळखलं आणि विचारलं, "तुम्ही का नाही दाखवत?"

ते हसून म्हणाले, "कांतिभाईला पत्र आलं, मला नाही आलं. मी समजलो, माझी आँख बरी झाली."

ते अगदी समाधानात होते. औषधाचे थेंबही त्यांनी तीन आठवड्यांपासून बंद केले होते.

मी त्यांना हाताला धरून डॉक्टर कुलकर्णी मॅडमच्या खोलीत नेलं. मॅडमनी डोळ्याचं प्रेशर मोजलं, थेंब पुन्हा चालू केले आणि म्हणाल्या, "वेळेत आलात." बाहेर येऊन मी माझ्या खुर्चीवर बसले. इतके दिवस मी पिन कोडकडे पत्त्याचं शेपूट म्हणून बघत होते. त्या दिवशी ठरवलं, की यापुढे एकही आकडा आपण बघितल्याशिवाय पाकिटात जाणार नाही.

उरलेल्या छत्तीस जणांकडे मी आणि आमची रिसेप्शनवरची निर्मला दोन दिवस रिक्षानं फिरलो. तेहतीस घरी सापडले. तिघांची घरं बदलली होती, त्यांनाही शोधलं.

०

याच सुमारास वाघभाऊ आमच्याकडे आले. आले ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. धुळ्याकडचे, पोस्टात पत्रं गावांप्रमाणे लावायच्या कामावर आयुष्य गेलेलं, आता मुलाकडे सुरतेत राहतात. पट्टी निघाली त्या दिवशी ते ऑफिसात थँक्यू म्हणायला आले आणि माझ्या टेबलावरचा पत्रांचा गठ्ठा बघून तिथंच उभे राहिले.

"बघू का?" म्हणाले.

नव्या डोळ्यानं त्यांनी वरची आठदहा पत्रं वाचली. मग त्यातली चार बाजूला काढून माझ्यासमोर ठेवली. चारही पत्रांत पिन कोडच्या जागी नुसतं शून्य होतं.

"हाई कोणतं गाव शे, ताई?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

आम्ही पूर्ण गठ्ठा उपसला. नव्वद पत्रांवर शून्य. शीट उघडून पाहिली तर पिन तिथं व्यवस्थित दिसत होता. मग हे शून्य आलं कुठून? वाघभाऊ माझ्या खांद्यामागून शीटकडे बघत होते. त्यांनी बोट ठेवलं. "या नव्वदांत मधे जागा सोडलेली आहे बघा."

खरंच होतं. निर्मला पिन लिहिताना तीन आकडे, मग थोडी जागा, मग तीन आकडे, असं लिहायची. जागा असली की कॉम्प्युटर त्याला आकडा मानत नव्हता, आणि रकाना आकड्यांचा आहे म्हणून तिथं शून्य टाकून मोकळा होत होता.

निर्मलाला बोलावलं. ती रडवेली झाली. "शाळेत असंच शिकवलं होतं हो ताई. पाकिटावर असंच लिहायचं म्हणून."

वाघभाऊ तिच्या बाजूनं उभे राहिले. "पोरगी बरोबर आहे. माणसासाठी असंच लिहायचं. डोळ्याला सोपं जातं. चूक आपल्या शीटची आहे."

मग मी पूर्ण रकाना निवडून त्याला 'टेक्स्ट' करून टाकलं. म्हणजे यापुढे पिन हा आकडा नाही, नावासारखं एक नाव. त्याची बेरीज नाही, त्याला स्वल्पविराम नाही, जसा लिहिला तसा राहणार. जुने पिन आम्ही एकेक करून पुन्हा टाइप केले.

वाघभाऊ दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची खुर्ची खिडकीपाशी सरकवून घेतली. त्यांना कुणी नोकरी दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही. रोज दहा ते बारा ते बसतात. मी नुसता पिन वाचायचा, त्यांनी गाव सांगायचं, आणि मी पत्त्याशी ताडून बघायचं.

"४२५४०५."

"शिरपूर."

"४२४३०४."

"साक्री."

एकदा मी गंमत म्हणून माझ्या माहेरचा पिन मध्येच घुसवला. ते थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "अमळनेर. पण या गठ्ठ्यात अमळनेरचं कोणी नव्हतं. तुमच्या आईचं काय चाललंय?"

०

बारडोलीचे देसाईकाका. साखर कारखान्यात नोकरी झालेली, त्याच भागात राहतात, घर नंबर बारा भागिले तीन. असं तिरप्या रेघेनं लिहितात तसं. मी शीटमध्ये तसंच लिहिलं. पिन सांभाळायच्या नादात माझं घर नंबरकडे लक्ष नव्हतं. शीटनं त्याची तारीख केली. काकांच्या पत्त्यात नाव, मग "१२ मार्च", मग रस्ता, मग बारडोली आणि पिन.

पिन बरोबर होता, म्हणून पत्र पोचलं. पत्रात लिहिलं होतं, "कोणत्याही गुरुवारी सकाळी तपासणीसाठी यावे." काकांनी ते वाचलं, पत्ता वाचला, आणि बारा मार्चला पांढराशुभ्र शर्ट घालून हजर झाले. गुरुवार नव्हता. काचबिंदूची ओपीडी नव्हती.

निर्मला म्हणाली, "काका, आज नाही."

काकांनी पत्र तिच्यापुढे धरलं. "कागदात मोघम लिहिलंय. पण वर माझ्या नावाखाली तारीख टाकली आहे. खास माझ्यासाठी टाकली असणार, म्हणून मी गुरुवारच्या भरवशावर राहिलो नाही."

कुलकर्णी मॅडमनी त्यांना तपासलं. ते परत जाताना मी त्यांची माफी मागितली, झालेली गडबड समजावून सांगितली आणि त्यांच्यासमोर पत्ता दुरुस्त केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

आता त्यांना चार महिन्यांनी बरोबर पत्त्यावर पत्र जातं आणि ते गुरुवारी येतात. आणि दर वर्षी बारा मार्चलाही येतात. कुणी काही बोललं तर म्हणतात, "तारीख दिली होती."

०

हजिऱ्याला एका कारखान्यात आम्ही शिबिर घेतलं. वेल्डिंगची ठिणगी, भट्टीची धग, तिथं डोळे तपासायलाच हवेत. कंपनीच्या ऑफिसनं आम्हाला कंत्राटी कामगारांची यादी मेलवर पाठवली. सहाशे नावं. पिनचा रकाना अगदी स्वच्छ, वरपासून खालपर्यंत एकच पिन. हजिऱ्याचा.

हर्षदभाई म्हणाले, "चालशे, बेन. कंपनीच्या पत्त्यावर पाठवून देऊ."

मी म्हटलं, "नाही चालणार. कंत्राट संपलं की ही माणसं इथं नसतात. पत्र गेटवर पडून राहील."

"मग सहाशे जणांचे पत्ते आणणार कुठून?"

"त्यांच्याकडूनच."

मी आणि वाघभाऊ चार दिवस कंपनीच्या कँटीनमध्ये टेबल टाकून बसलो. दुपारची पाळी सुटली की माणसं यायची. जिल्हा सांगायची, तालुका सांगायची, गाव सांगायची. पिन विचारला की एकमेकांकडे बघायची. मोबाइलच्या जमान्यात पिन कोण लक्षात ठेवतो?

ओडिशाचा एक वेल्डर होता, विशीपंचविशीचा, अंगानं मजबूत, बोलायला लाजरा. त्याच्या उजव्या डोळ्यात तपासणीत काहीतरी सापडलं होतं, त्याला पुन्हा बोलवायचंच होतं. त्याला त्याच्या गावाचा पिन माहीत नव्हता.

वाघभाऊंनी त्याला हिंदीत सांगितलं, "घर पे फोन लगाओ. माँ को पूछो."

तो फोन हातात धरून तसाच उभा राहिला. मागची रांग चुळबुळायला लागली. मग हळूच म्हणाला, "बहुत दिन से बात नहीं किया."

"का, भांडण झालं?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

"तर मग काम आहे म्हणून लाव," वाघभाऊ म्हणाले. "सरकारी काम आहे सांग."

त्यानं फोन लावला. स्पीकर चालू नव्हता, पण पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू येईल इतका मोठा होता. भाषा कळली नाही. तो काहीतरी विचारायचा प्रयत्न करत होता आणि पलीकडून त्याला विचारू देत नव्हते. शेवटी त्यानं माझ्यासमोरचा कागद ओढला आणि एकेक आकडा लिहायला लागला. सहा आकडे झाले. आई अजून बोलतच होती. तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ ऐकत राहिला.

वाघभाऊंनी पुढच्या माणसाला हाक मारली. त्या दिवशी आम्ही आणखी अकरा जणांना घरी फोन लावायला लावला.

०

आपल्याकडे कुठलाच पिन शून्यानं सुरू होत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण तशी कधी वेळ आली नव्हती.

पल्लवीबेन अमेरिकेत राहतात, न्यू जर्सीला. त्यांची आई इथं अडाजणला होती. आई गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिचे डोळे आमच्या नेत्रपेढीत आले. अशा वेळी आम्ही घरच्यांना एक पत्र पाठवतो. कुणाला बसवले ते लिहीत नाही. पण दोन माणसांना दृष्टी मिळाली एवढं लिहितो. पल्लवीबेन अंत्यविधीनंतर आठवड्यात परत गेल्या होत्या, म्हणून पत्र अमेरिकेला पाठवायचं होतं.

पत्र परत आलं. मी पुन्हा पाठवलं. तेही परत आलं.

त्यांचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मी रोज पत्रपेटी बघते, म्हणून विचारलं."

मी म्हटलं, "मी लगेच फोटो पाठवते मोबाइलवर."

"फोटो नको," त्या म्हणाल्या. "कागद पाहिजे. मम्मीच्या फोटोखाली ठेवायचा आहे."

मी त्यांना पत्ता हळूहळू सांगायला लावला. पिनपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "झीरो, एट, एट..."

"झीरो?" मी विचारलं. माझ्या पाकिटावर चारच आकडे होते. आम्ही तीन जणांनी ते पाकीट पाहिलं होतं आणि हर्षदभाई म्हणाले होते, अमेरिकेत वस्ती विरळ, आकडेही कमी लागत असतील.

परदेशी पत्त्यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये होती आणि तिचा रकाना मी 'टेक्स्ट' केलेला नव्हता. मी शून्य लिहायची, शीट ते खाऊन टाकायची. मी तो रकाना ताबडतोब बदलला, शून्य घातलं, पत्र जोडलं, छापलं, पाच आकडे आहेत ना ते मोजलं. निर्मलाला मोजायला लावलं. तरीही मन मानेना, म्हणून पाकिटावर छापलेल्या शून्यावरून मी पेन फिरवलं.

तीन आठवड्यांनी पल्लवीबेनकडून फोटो आला. टेबलावर त्यांच्या आईचा फोटो, चंदनाचा हार, खाली आमचं पत्र, आणि पत्राला टेकवून ठेवलेलं पाकीट. माझं शून्य जरा जास्तच जाड झालं होतं.

०

आता सुमनबाईंचं सांगते.

इतकी काळजी घेत असूनही एक दिवस घात झालाच, आणि तोही माझ्याच हातून. साडेचारशे पत्रं जायची होती. पोस्टवाल्यांना पिनप्रमाणे लावून दिली की त्यांना बरं पडतं, म्हणून मी पिनचा रकाना निवडला आणि क्रमाने लावायचं बटण दाबलं. शीटनं मला विचारलं होतं, नुसता हाच रकाना लावू की बाकीचे पण सोबत घेऊ? घाईत मी भलत्याला हो म्हटलं. नावं जागच्या जागी राहिली, गावं जागच्या जागी राहिली, फक्त पिन सरकले. प्रत्येकाला दुसऱ्या कुणाचा तरी पिन. वाघभाऊ त्या सुमारास पंधरवड्यासाठी मुलीकडे नाशिकला गेले होते. मी एकटीनं पाहिलं, की प्रत्येक पिन सहा आकडी आहे, शून्य नाही, स्वल्पविराम नाही, आणि पत्रं टाकून आले.

दहाव्या दिवशी ओपीडीत एक बाई आल्या. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, हातात आमचं पत्र. सोबत उधन्याला लूमवर असलेला त्यांचा थोरला मुलगा. पत्रावर नाव, सुमनबाई पाटील, पिंप्री. निर्मलानं त्या नावाची फाइल काढून डॉक्टरांकडे पाठवली.

कुलकर्णी मॅडमनी फाइल वाचली, बाईंचा डोळा पाहिला, पुन्हा फाइल वाचली. "सुमनबाई, तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आपण केलंय ना?"

"नाही हो. माझं कसलंच ऑपरेशन नाही."

"याआधी इथं कधी आला होता?"

"कधीच नाही."

"मग आज कशा आलात?"

सुमनबाईंना प्रश्नच विचित्र वाटला. "तुम्हीच बोलावलं ना."

मॅडमनी मला आत बोलावलं. आमच्या सुमनबाई पाटील पारोळ्याजवळच्या पिंप्रीच्या. या सुमनबाई पाटील चोपड्याजवळच्या पिंप्रीच्या. खानदेशात पिंप्री किती आणि प्रत्येक पिंप्रीत पाटील किती, ते सांगायला नको. पत्त्यात आम्ही तालुका लिहीत नाही; पिन चोपड्याकडचा, म्हणून पत्र चोपड्याकडच्या पिंप्रीत गेलं आणि पोस्टमननं ते गावातल्या सुमनबाई पाटलांना नेऊन दिलं. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं.

मी त्या बाईंसमोर हात जोडले. "माफ करा, मावशी. चुकून तुम्हाला एवढ्या लांब यायला लावलं."

मॅडम म्हणाल्या, "थांब, संध्या. आल्याच आहेत तर बघते."

त्यांनी प्रेशर मोजलं. पुन्हा मोजलं. मग दिवा लावून डोळ्याच्या आतली शीर बराच वेळ पाहिली. खुर्ची मागे सरकवून त्या सुमनबाईंच्या मुलाला म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. डाव्याची कडेची नजर थोडी गेलीय. बाकीची वाचेल. आजपासून थेंब सुरू करायचे."

आई म्हणाली, "मला तर चांगलं दिसतं."

मी तिथून निघाले ती थेट शीटसमोर जाऊन बसले. पिन वरपासून खालपर्यंत शिस्तीत चढत गेले होते आणि गावं वाटेल तशी विखुरलेली. पाहता क्षणी कळलं. हर्षदभाई मागे येऊन उभे राहिले. या वेळी ते "चालशे" म्हणाले नाहीत. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि विचारलं, "मूळ पत्ते कशावर लिहिलेले आहेत?"

"केस पेपरवर. रेकॉर्ड रूममध्ये."

ऑफिसातले आम्ही चौघं रेकॉर्ड रूममध्ये बसलो. पेशंटनं पहिल्यांदा आल्यावर स्वतः सांगितलेला पिन प्रत्येक पेपरवर हातानं लिहिलेला होता. साडेचारशे पेपर काढले, साडेचारशे पिन वाचले, टाइप केले, उलट वाचून ताडले. वाघभाऊंना फोन केला, तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकची बॅग हातात घेऊनच ऑफिसात आले. चौथ्या दिवशी सगळी पत्रं नव्यानं गेली.

पण आमच्या, म्हणजे पारोळ्याकडच्या, सुमनबाईंचे थेंब त्याआधीच संपलेले असणार होते. पेपरवरचा मोबाइल बंद. वाघभाऊंनी त्यांच्या ओळखीत फोन फिरवायला सुरुवात केली. एकानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं पारोळ्याच्या पोस्टातला. तिथून निरोप पिंप्रीच्या पोस्टमनपर्यंत गेला. तो सायकलवरून त्यांच्या शेतात गेला आणि त्यानं स्वतःच्या फोनवरून आम्हाला लावून दिला.

"सुमनबाई, थेंब टाकताय का?" मी विचारलं.

"संपले ना. म्हटलं तुमचं पत्र आलं की निघू."

त्या पुढच्या गुरुवारी आल्या. चोपड्याकडच्या सुमनबाईंनाही मॅडमनी त्याच गुरुवारी पुन्हा बोलावलं होतं. ओपीडीच्या बाहेर एकाच बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या, एकमेकींना न ओळखता. वाघभाऊ त्यांच्यासमोरच्या स्टुलावर होते. मी दारात उभी होते.

सिस्टर बाहेर आली आणि तिनं कागद बघून हाक मारली, "सुमनबाई पाटील, पिंप्री."

दोघी उठल्या.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सिस्टरनं विचारलं, "कोणती पिंप्री?"

दोघींनाही लिहिता-वाचता येत नाही, पण निर्मला आता केस पेपर काढतानाच प्रत्येकाकडून पिन पाठ करून घेते. आमच्या सुमनबाईंनी पदर सारखा केला, मान ताठ केली आणि पाढा म्हणावा तसं म्हटलं, "चार दोन पाच, एक एक एक."

दुसऱ्या सुमनबाईंनी ते नीट ऐकून घेतलं. "माझं चार दोन पाच, एक शून्य सात," त्या म्हणाल्या आणि परत खाली बसल्या.

सिस्टरनं दार उघडं धरलं. "एकशे अकरा, आत या."